वसुमतीचा जिना

वसुमती गेल्याचं दुकानात कळलं तेव्हा जयसिंगराव वरच्या हॉलमध्ये एका कोटाचं कापड कापत होते. फोन खाली होता. रत्नावहिनींनी तो घेतला आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून नवऱ्याला हाक मारली, "अहो, खाली या. वसूअक्का गेल्या." वरून कात्रीचा आवाज येत होता. जयसिंगराव म्हणाले, "येतो." कात्री चालूच राहिली.

पिशांच्या या शिवणकामाच्या दुकानात आजोबांपासूनचा नियम होता, कापडाला लागलेली कात्री मध्ये थांबवायची नाही. थांबली की कापाला दात पडतो आणि तो कोट कुणाच्याच अंगाला नीट बसत नाही, असं त्यांच्यात मानायचे. साहेबांच्या पलटणीचे कोट शिवून नाव मिळवलेलं घराणं. बाहेर काहीही होवो, घेतलेला कोट पुरा कापूनच माणूस उठायचा.

फोन तिच्या नवऱ्याने, वासुदेवने केला होता, त्यांच्या गावच्या, आनेकलच्या दवाखान्यातून. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला माहेरची साडी नेसवून निरोप द्यायचा असतो, म्हणून त्याने तिला अंगणात ठेवून वाट पाहिली. धाकटा मेहुणा त्रिविक्रम ऑफिसच्या कामाने म्हैसूरला गेलेला, त्यामुळे सगळी भिस्त थोरल्यावर होती. आषाढ होता, आभाळ उतरलं होतं. दोन बस येऊन गेल्या. म्हातारी माणसं कुजबुजायला लागली तेव्हा त्याने घरातलीच एक साडी काढून बायकांच्या हाती दिली. जयसिंगराव आणि वहिनी नवी साडी घेऊन पोचले, तेव्हा मंडळी स्मशानातून परत फिरली होती.

ती साडी अजून घडी न मोडता वासुदेवच्या कपाटात होती. उशीर का झाला ते त्याला नंतर रत्नावहिनींकडूनच कळलं. "कापत होते हो दाजी," त्या म्हणाल्या होत्या. "तुम्हाला माहीत आहे यांचं." वासुदेवने मान हलवली होती. त्या दिवसापासून तो जयसिंगरावांशी कामापुरतं बोलत होता. आणि काम काही निघालं नव्हतं.

ते दिवाळीच्या तोंडावर निघालं. त्रिविक्रमने रविवारी दुपारी सगळ्यांना दुकानात बोलावलं.

वासुदेवला नेहमीची खुर्ची मिळाली, मोठ्या आरशासमोरची. लग्न झाल्यापासून तो या दुकानात आला की याच खुर्चीत बसत असे. जावयाला खुर्ची, कॉफी, थाळीत चकली. वर कटिंग हॉल होता, तिथे माणसं बनियनवर घाम गाळत काम करायची, म्हणून जावयाला वर न्यायची रीत नव्हती. खुर्चीच्या डाव्या हाताला जिना होता, काळ्या सागवानाचा, मध्ये झिजलेला. वासुदेव तो कधी चढला नव्हता, आणि आषाढापासून त्याचा अर्धा मालक होता. बाकीचा अर्धा त्याच्या मुलीचा, शाल्मलीचा.

हा सासऱ्यांचा उद्योग. म्हाताऱ्याने वाटणी केली तेव्हा खालचं दुकान जयसिंगला दिलं, वरचा हॉल त्रिविक्रमला, आणि मधला जिना मुलीला. नुसतं तोंडी नाही, रजिस्टर करून. वकील हसला तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "मुलगी दिली की माहेर तिला परकं होतं. जिना वसूचा असला तर हे दोघं रोज बहिणीच्या दारातून जातील." वासुदेवची आई मात्र आनेकलभर सांगत फिरली, "सुनेला माहेरून जिना मिळालाय. वर चढून जायला माडी आता आम्ही बांधायची."

वसुमती त्यावर काही बोलली नाही. पण दर भाऊबीजेला ती पहिल्या बसने दंडूत यायची. बेंगळूरच्या कँटोन्मेंटला जुनी माणसं दंडूच म्हणतात. पदर खोचून ती जिना वरपासून खालपर्यंत स्वतः धुवायची, भावजयीला बादलीसुद्धा उचलू द्यायची नाही. मग तिसऱ्या पायरीवर दोघा भावांना शेजारी शेजारी बसवून ओवाळायची. आपल्या जागेत बसवून.

"दाजी, मी सरळ बोलतो," त्रिविक्रम म्हणाला. तो बँकेत होता, कागद नीट चौकोनी लावून ठेवायची त्याला सवय. "बिल्डर वेणुगोपालला दिवाळीआधी उत्तर पाहिजे. चार मजले बांधणार. अण्णाला खाली रस्त्यावरचं दुकान, मला वर एक मजला, आणि तुम्हाला-शाल्मलीला मागच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट. जिन्याच्या बदल्यात फ्लॅट. एवढा चांगला व्यवहार अख्ख्या दंडूत कुणाला मिळाला नसेल."

"आणि वर जायला?" वासुदेवने विचारलं.

"लिफ्ट आहे."

"करंट गेला म्हणजे?" रत्नावहिनी चकली मोडत म्हणाल्या. "आमच्याकडे दुपारी असतो कुठे? चौथ्या मजल्यावरचा माणूस लिफ्टमध्ये बसून संध्याकाळची वाट बघणार."

"वहिनी, जनरेटर असतो."

"असतो का? बरं."

जयसिंगराव काउंटरच्या मागे उभे होते. गळ्यात टेप, हातात काही नाही. ते म्हणाले, "मी एका बाईंना बोलावलंय. त्या येऊ देत, मग बोलू."

त्रिविक्रमने मान वर केली. "कुठल्या बाई?"

"जुन्या इमारतींची यादी करतात त्या. काव्या. मागे फोटो काढून गेल्या होत्या."

"अण्णा, हे तू मला आत्ता सांगतोस?"

"तू तरी वेणुगोपालचं मला कधी सांगितलंस? त्याचा माणूस येऊन माझ्या दुकानाची लांबी मोजायला लागला तेव्हा मला कळलं. मला वाटलं, पँटच्या मापाला आलाय."

शाल्मली हसली. मग मामाचा चेहरा बघून थांबली. आनेकलच्या बसच्या वाटेवरच्या एचएसआर लेआउट या नव्या वस्तीतून ती वडिलांबरोबर आली होती. तिकडे तिने आणि तिच्या नवऱ्याने नुकतं घर केलं होतं, चहूकडे मोकळे प्लॉट आणि रात्री कोल्ही. ती वडिलांच्या खुर्चीमागे उभी होती आणि तिचं मत वासुदेवला येतानाच बसमध्ये कळलं होतं. "अप्पा, सही करून टाका. तुम्ही तिकडे आनेकलला एकटे बसता, मला झोप लागत नाही. इथे फ्लॅट झाला तर तो भाड्याने देऊ, तुम्ही माझ्याकडे या. आईला त्या जिन्याचं काय मिळालं हो? गुडघेदुखी." वासुदेव खिडकीबाहेर बघत राहिला होता. गुडघेदुखी खरी होती. शेवटच्या भाऊबीजेला ती धुताना मध्ये दोनदा बसली होती.

काव्या आली ती चपला दाराबाहेर काढून. बारीक, केसांची वेणी, खांद्याला कापडी पिशवी. तिने कन्नडमध्ये सगळ्यांना नमस्कार केला आणि आधी टॉर्च काढून जिन्याच्या खालच्या बाजूला शिरली. बराच वेळ तिची फक्त पाठ दिसत होती.

"काय सापडलं?" रत्नावहिनींनी विचारलं. "मी तिथे जुने डबे ठेवते."

"डबे सापडले," काव्या म्हणाली. बाहेर येऊन तिने हात झटकले. "जयसिंगराव, मी मागे म्हटलं होतं तेच आहे. वरच्या जमिनीची मोठी तुळई जिन्याच्या भिंतीवर टेकलीय. जिना आणि ती भिंत एकच बांधकाम आहे. ते आहे म्हणून वरचा मजला उभा आहे."

"म्हणजे?" त्रिविक्रम म्हणाला.

"म्हणजे तुमचा हॉल तुमच्या बहिणीच्या जिन्यावर उभा आहे. तुळईचं टोक कुजायला लागलंय, ते बदलता येईल. पुढच्या खिडक्यांवरच्या लाकडी टोप्या तर आता या गल्लीत एवढ्याच उरल्या." तिने बाहेर बोट केलं. खिडक्यांवर उतरत्या जाळीच्या टोकदार टोप्या होत्या. बेंगळूरच्या जुन्या घरांना असायच्या, लोक त्यांना मंकी टॉप म्हणतात. "तिन्ही मालकांनी संमती दिली तर आमची समिती ही इमारत यादीत घेईल. मग पाडता येणार नाही. दुरुस्तीसाठी सरकारकडे मागणी करू."

"सरकार देईल?"

"मागू."

"मी विचारलं, देईल का?"

काव्याने टॉर्च पिशवीत ठेवला. "सांगता येत नाही, सर. यादीला अजून कायद्याचा पुरता आधार नाही. पण नाव लागलं की परवानगी देताना महापालिकेला दहा वेळा विचार करावा लागतो."

"म्हणजे मला पाडता येणार नाही, बदलता येणार नाही, आणि दुरुस्तीही मीच करायची," त्रिविक्रम म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मॅडम, तुमचं घर कुठे?"

"जयनगरला. चौथ्या ब्लॉकमध्ये."

"जुनं?"

"नाही. फ्लॅट. तिसरा मजला."

"लिफ्ट?"

"आहे."

रत्नावहिनींनी पदर तोंडाला लावला. काव्याही हसली, पण लाल झाली. "बसवनगुडीत आमच्या आजोबांचं घर होतं," ती म्हणाली. "ते पाडून तिथे जे झालं, त्यातला एक फ्लॅट वडिलांना मिळाला. तो विकून जयनगरचा घेतला. मी शाळेत होते. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, सर. जे दुसऱ्याला सांगतेय ते आमच्या घरात कुणी केलं नाही."

तिच्या या बोलण्याने त्रिविक्रम जरा नरमला. त्याने खुर्ची ओढली. "हे बघा. सगळे मला खलनायक करून बसलेत. चोवीस वर्षं तो हॉल माझ्या नावावर आहे. मी त्याचा टॅक्स भरतो. अण्णा तिथे कापतो, मी कधी काही म्हटलं नाही. क्लासवाल्याला द्यायचा म्हटलं, तर जमीन हलते म्हणून तो पळाला. गोडाऊनला द्यायचा म्हटलं, तर जिना अरुंद. ते कटिंगचं टेबल सबंध फळीचं, आजोबांनी खिडकीतून चढवलेलं, तेसुद्धा बाहेर काढता येत नाही. किल्लीसुद्धा अण्णाकडे. माझ्या मालकीची जागा आहे आणि मी तिथे पाहुण्यासारखा जातो. हे बरोबर आहे का दाजी? तुम्ही सांगा."

वासुदेवला ते बरोबर वाटलं. त्याने तसं सांगितलं. "बरोबर नाही."

"मग सही करा."

"जयसिंगरावांची तयारी आहे का?"

सगळ्यांनी काउंटरकडे पाहिलं. जयसिंगराव टेपचं टोक बोटाला गुंडाळत होते. ज्यांनी काव्याला बोलावलं ते हेच, म्हणून वासुदेवने गृहीत धरलं होतं की ते नाही म्हणतील. त्याला आत कुठेतरी तसं हवंही होतं. म्हणजे आपल्याला ठरवावं लागणार नाही.

"मी दोघांचं ऐकून घेणार होतो," जयसिंगराव म्हणाले. "म्हणून त्यांना बोलावलं. ऐकलं. माझ्याच्याने आता होत नाही दाजी. पोरगा दुबईत आहे, तो काही कात्री धरायला येणार नाही. लोक रेडिमेड घेतात. वेणुगोपाल देतो ते दुकान भाड्याने लावीन आणि घरी बसेन."

"सर," काव्या म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही मला म्हणाला होतात, मी असेपर्यंत..."

"म्हणालो होतो."

रत्नावहिनी नवऱ्याकडे बघत राहिल्या. हे त्यांनाही नवीन होतं हे वासुदेवला दिसलं. "मला विचारलंत?" त्या हळू म्हणाल्या. जयसिंगराव टेप गुंडाळत राहिले.

शाल्मली पुढे झाली. "मग झालंच की. दोन्ही मामा तयार आहेत. अप्पा, मी माझ्या अर्ध्याची सही करते. तुम्ही..."

"मला विचार करू दे."

"किती?"

"वर्ष तरी होऊ दे तिला."

"वर्ष?" त्रिविक्रम म्हणाला. "दाजी, वेणुगोपाल पलीकडची जागा घेईल. वर्षाने कोण विचारणार आपल्याला? तुमचं दुःख मला कळतं. माझीही बहीण होती. पण सगळ्यांनी का थांबायचं?" त्याने फाइल उघडली, मिटली. मग जे बोलायचं नव्हतं ते बोलून टाकलं. "ठीक आहे. तुमची सही नको. आम्ही मागच्या बोळातून लोखंडी जिना लावतो. भिंत अण्णाची आहे, अण्णाने हो म्हटलंय. मागून वर जायची वाट झाली की मला अक्काच्या जिन्याची गरज नाही. मग वेणुगोपाल दोघांशीच करार करेल. जिना राहील तुमचा. बसा त्याच्यावर."

बाहेर एक ऑटो वळण घेताना भोंगा वाजवत गेली.

"तुम्ही हो म्हटलंय?" वासुदेवने जयसिंगरावांना विचारलं.

"भिंतीचं विचारलं होतं त्याने. मी सरी म्हटलं, ठीक आहे म्हणून. कशासाठी ते तेव्हा नीट विचारलं नाही."

"म्हणजे आईला वगळून," शाल्मली म्हणाली. ती आतापर्यंत मामाच्या फाइलजवळ उभी होती, ती मागे सरून वडिलांच्या खुर्चीशी आली. "धाकटे मामा, मी सही करत होते. आत्ता करत होते. तुम्हाला आईच्या जागेचा मोबदला द्यायचा होता तोपर्यंत मी तुमच्या बाजूने होते. आता आईच्या जागेला वळसा घालून जाणार? मग मी नाही करत."

"शालू, हा हट्ट आहे."

"असू दे. माझ्या अर्ध्या जिन्याचा आहे."

"मॅडम म्हणाल्या ते ऐकलंस ना?" रत्नावहिनी दिराला म्हणाल्या. "तुळई जिन्याच्या भिंतीवर आहे. तू मागून लोखंडी लावून वर चढशील, पण उभा कशावर राहशील?"

"त्याचं इंजिनिअर बघतील."

वासुदेव खुर्चीतून उठला. जावई असा मध्येच उठत नाही, म्हणून सगळे सावरून बसले. त्याचं बोलणं त्रिविक्रमशी नव्हतं.

"जयसिंगराव," तो म्हणाला, "तुमच्याकडे कात्री मध्ये थांबवत नाहीत. बहीण अंगणात ठेवलेली होती. गाव बघत होतं. ज्यांनी सगळ्या दंडूला कपडे घातले त्यांच्याकडून एक साडी वेळेवर आली नाही. मी तेव्हा बोललो नाही. नियम आहे म्हटलं. घराण्याचा नियम, कोण मोडणार. आणि आज एवढं सगळं मोडायला निघालात, त्याला एक सरी पुरलं तुम्हाला."

जयसिंगरावांच्या बोटाभोवती टेप घट्ट झाली होती.

"किल्ली द्या," वासुदेव म्हणाला.

"कसली?"

"वरची. माझ्या जिन्यावरून वर जाऊन बघतो. इतकी वर्षं कुणी बोलावलं नाही."

"दाजी, वर काही नाही. धूळ आहे."

"हॉल माझा आहे," त्रिविक्रम म्हणाला. "जाऊ दे त्यांना, अण्णा."

जयसिंगरावांनी किल्ली काउंटरवर ठेवली, हातात दिली नाही. वासुदेवने चपला काढल्या आणि तो चढायला लागला. जिना अरुंद होता, त्याचे दोन्ही खांदे भिंतींना लागत होते. वसू बादली घेऊन कशी चढत असेल? प्रत्येक पायरी मध्ये खोल गेलेली, आणि कडेच्या कोपऱ्यात, जिथे पाय पडत नाही तिथेही, लाकूड स्वच्छ घासलेलं. वर धूळ बसली होती, पण बोट फिरवलं की खाली उजळ निघत होतं. त्याने पायऱ्या मोजल्या नाहीत. तिसरीवर मात्र क्षणभर थांबला.

हॉल त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. खिडक्यांवरच्या जाळीतून ऊन येऊन जमिनीवर चौकटी पडल्या होत्या. मध्ये ते टेबल. एका जागी जमीन पायाखाली दबली, तो कडेने गेला.

टेबलावर गडद निळं कापड पसरलेलं होतं. पाठ कापून बाजूला ठेवलेली. पुढचा एक पल्ला कापलेला. दुसऱ्या पल्ल्यात, खडूच्या रेघेवर, अर्ध्यात कात्री होती. तोंड उघडं, कापड तिच्यात धरलेलं. बाह्या नुसत्या आखलेल्या. सगळ्यावर सारखी धूळ होती. टेबलाच्या पायाशी जमिनीवर एक उशी पडली होती, इस्त्रीला घेतात तसली, आणि तिच्यावर कुणी बराच वेळ टेकून बसल्यासारखा खळगा होता.

वासुदेवने कात्रीला हात लावला नाही. तो तिथे उभा राहिला आणि त्या दिवशीचं सगळं त्याने पुन्हा मनात लावून पाहिलं. हाक ऐकली. नियम म्हणून कापत राहिले. मग कात्री इथवर येऊन थांबली.

तो खाली आला तेव्हा कुणी जागा बदलली नव्हती. काव्या दाराशी गेली होती, जावं की थांबावं हे तिला कळत नव्हतं.

"कात्री कापडातच आहे, जयसिंगराव," तो म्हणाला.

"असू दे."

"कोट पुरा झाला नाही."

"नाही झाला." जयसिंगरावांनी टेप गळ्यातून काढून काउंटरवर ठेवली. "हात उचलेना. मग पायही उचलेनात. ही खालून हाका मारत होती, मी येतो म्हणत होतो. किती वेळ गेला कळलं नाही. मग लोकांनी म्हटलं, कापत होते म्हणून उशीर झाला. मी म्हटलं, हो. दुसरं काय सांगायचं? पलटणीचे कोट शिवणाऱ्याचा नातू, कापडापुढे बसकण मारून रडत होता म्हणून?"

"मेजरसाहेबांचा कोट होता तो," रत्नावहिनी म्हणाल्या. "मला म्हणालात, कापड परत नेलं त्यांनी."

"त्यांनी दुसरीकडे शिवून घेतला."

"आणि मी रोज खालून विचारते, वर काय करता? तर म्हणता, कापतोय." त्या स्टुलावर बसल्या. "आषाढापासून आपण नुसत्या चेनी बदलतोय आणि पँटी आखूड करतोय. मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं. हात गेलाय हे नाही सांगितलंत."

त्रिविक्रमने फाइल मांडीवर घेतली होती. त्याच्याकडे पाहून वासुदेवला त्याची दया आली. या माणसाचं म्हणणं सुरुवातीला होतं तेवढंच आताही खरं होतं. कुणाच्या रडण्याने ते खोटं झालं नव्हतं.

"मला हे माहीत नव्हतं," त्रिविक्रम म्हणाला. "वाईट वाटलं. पण मग माझं काय? माझी जागा तुम्हा दोघांच्या दुःखात अडकून पडली. ती सोडवायची कधी?"

"तुझं चुकत नाही," वासुदेव म्हणाला. "मी आज नाही म्हणत नाही. त्यांच्या यादीलाही हो म्हणत नाही. खरं सांगू? मला इमारतीतलं काही कळत नाही. वसूला हे घर ठेवायचं होतं की नको होतं, तेही मला ठाऊक नाही. तिने कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण वर्षातून एकदा ती हे धुवायची. भाऊबीजेला मी येतो. मी धुतो. मग आपण तिघं इथे बसून ठरवू, काय ठेवायचं, काय नाही. त्या दिवशी मी उत्तर देईन. पुढे ढकलणार नाही."

"यंदा आपल्यात सण नाही दाजी," रत्नावहिनी म्हणाल्या. "वर्ष व्हायचंय."

"सण करायचा नाही, वहिनी. नुसतं धुवायचं."

शाल्मलीने वडिलांचा दंड धरला. "मी बादली भरीन."

"बादली तिने कुणाला भरू दिली नाही."

"आता निम्मा माझा आहे."

जयसिंगराव काउंटरच्या बाहेर आले. वासुदेवच्या जवळ येऊन ते उभे राहिले, हात कुठे ठेवावा हे न कळल्यासारखे. मग भावाकडे वळले. "त्रिविक्रम, मागच्या भिंतीला मी सरी म्हटलं होतं. ते परत घेतो. भाऊबीजेपर्यंत भिंतीला कुणी हात लावायचा नाही. त्यानंतर दाजी जे म्हणतील त्यावर तू आणि मी बोलू. तू म्हणशील ते मी ऐकेन. भांडेनही."

"वेणुगोपाल थांबला नाही तर?"

"तर दुसरा कुणी येईल. नाही आला तर तू मला आयुष्यभर बोल. बोलतोसच."

त्रिविक्रम हसला नाही, पण त्याने फाइल बॅगेत घातली. दाराशी जाऊन बूट घालायला वाकला, आणि घातले नाहीत. परत फिरून, मोजे घातलेल्या पायांनी, तो जिना चढून वर गेला. वर त्याची पावलं ऐकू आली, टेबलापर्यंत गेलेली आणि तिथेच थांबलेली. बऱ्याच वेळाने खाली आला तेव्हा कुणाकडे न बघता म्हणाला, "भाऊबीजेपर्यंत थांबवतो त्याला. त्यापुढे एक दिवस नाही."

काव्याने पिशवी खांद्याला लावली. "तुळईला तोवर एक लाकडी टेकू द्या," ती जयसिंगरावांना म्हणाली. "ठेवा किंवा पाडा. पण कुणाच्या अंगावर पडायला नको."

"टेकू कोणाच्या जागेत येईल?" रत्नावहिनींनी विचारलं.

"जिन्याखाली."

सगळ्यांनी वासुदेवकडे पाहिलं. "द्या," तो म्हणाला. "वहिनी, डबे काढावे लागतील."

आनेकलची बस मिळायला हवी होती म्हणून तो आणि शाल्मली निघाले. जयसिंगराव त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आले. चालताना वासुदेव म्हणाला, "साडी माझ्याकडे आहे. घडी मोडलेली नाही."

"राहू दे तुमच्याकडे," जयसिंगराव म्हणाले.

बसमध्ये शाल्मली त्याच्या खांद्याला टेकून झोपली. त्याच्या बोटांवर जिन्याची धूळ होती, ती त्याने पुसली नाही. दोन्हीकडच्या कागदांवर एकही सही झालेली नव्हती, आणि गेल्या भाऊबीजेनंतर तो जिना कुणी धुतला नव्हता.